बेरी एफसी: शेवटचे ८९ तास

शुक्रवार, २३ ऑगस्ट २०१९, मध्यरात्र. उरले ८९ तास

इंग्लिश फुटबॉल लीगने बेरी एफसीला दिलेली मुदत आत्ता संपली. लीगची मागणी एकच होती. खेळाडूंचे, कर्मचाऱ्यांचे आणि बाकी घेणेकऱ्यांचे पैसे चुकते करायला आणि हंगाम शेवटपर्यंत रेटायला तुमच्याकडे पैसा आहे, हे कागदावर दाखवा. मालक स्टीव्ह डेल यांना ते कित्येक आठवडे जमलं नव्हतं. त्यामुळे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पातळीवरचे, म्हणजे लीग वनमधले बेरीचे सामने लीग एकामागून एक स्थगित करत गेली. लीग कपमधला शेफील्ड वेन्सडेशी होणारा सामना तर न खेळताच हातचा गेला. ऑगस्ट सरत आला होता, बाकीच्या क्लबांचा हंगाम रंगात आला होता आणि बेरीच्या गिग लेन मैदानावर अजून एकाही अधिकृत सामन्याची शिट्टी वाजलेली नव्हती.

मुदतीच्या अगदी तोंडावर बातमी आली की डेल क्लब विकायला तयार झाले आहेत. घेणारी कंपनी सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क, खेळातल्या आकडेवारीचं विश्लेषण करणारी.

त्याच आठवड्यात क्लबच्या एका माजी संचालिकेने गिग लेनच्या भिंतीवरच्या पाइपला स्वतःला जखडून घेतलं होतं. तिचे वडील लेस हार्ट बेरीकडून खेळले, पुढे उभं आयुष्य त्यांनी क्लबच्या सेवेत काढलं, आणि मैदानातल्या एका स्टँडला त्यांचं नाव आहे. त्याच सुमारास डेल रेडिओवर सांगत होते की, बेरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेही आपल्याला पूर्वी ठाऊक नव्हतं, आणि इथून निघून जाणं आपल्याला जड जाणार नाही. क्लब कुणाचा, हा प्रश्न फुटबॉलचे चाहते जगभर घालत असतात. कायद्याने त्याचं उत्तर एका ओळीचं असतं. त्या आठवड्यात ते उत्तर किती अपुरं आहे, हे सगळ्यांना दिसलं.

शनिवार, २४ ऑगस्ट. उरले तीन दिवस

लीगने मुदत वाढवली: मंगळवार, २७ ऑगस्ट, संध्याकाळी ५. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील.

ऐकायला हे तीन दिवस वाटतात. पण शनिवार-रविवारला लागून सोमवारी ऑगस्टमधली बँकांची सुट्टी आली होती. क्लब विकत घेणाऱ्याने त्याचे करार, कर्जं, गहाणखतं, थकलेले कर आणि खेळाडूंचे पगार तपासायचे, वकिलांनी कागद करायचे, बँकेने पैसे हलवायचे. हातात मोकळा कामाचा दिवस एकच उरला होता, तोही पाचला संपणारा. तरीही चाहत्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. ज्याच्या नाकातोंडात पाणी जातंय तो लाकूड किती जाड आहे ते बघत नाही.

रविवार, २५ ऑगस्ट. दोन दिवस

काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं, कारण भारतातल्या बहुतेक फुटबॉलप्रेमींनी हे नाव त्या आठवड्यातच पहिल्यांदा ऐकलं असेल.

बेरी हे मँचेस्टरच्या उत्तरेचं कापडगिरण्यांचं जुनं गाव. क्लबची स्थापना १८८५ ची, आणि तेव्हापासून मैदान एकच, गिग लेन. १८९४ मध्ये क्लब फुटबॉल लीगमध्ये आला आणि तिथून कधी हलला नाही. दोनदा एफए कप जिंकला. १९०० मध्ये साउदॅम्प्टनला ४-० ने हरवून, आणि १९०३ मध्ये डर्बी काउंटीला ६-० ने. त्या वर्षीच्या स्पर्धेत बेरीने एकही गोल खाल्ला नव्हता. एफए कपच्या अंतिम सामन्यात एवढ्या फरकाने पुढची ११६ वर्षं कुणीच जिंकलं नाही. मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६-० ने हरवून त्या विक्रमाची बरोबरी केली. सिटीचं मैदान बेरीपासून ट्रामने तासाभराच्या आत येतं. तिथे २००८ पासून अबू धाबीच्या राजघराण्यातल्या शेख मन्सूर यांचा पैसा आहे. बेरीचा विक्रम त्या पैशाने गाठला त्याला आता तीन महिने झाले होते.

पहिल्या महायुद्धानंतर बेरीच्या वाट्याला फार मोठं यश आलं नाही. सामन्याला तीन-चार हजार माणसं येत, मैदान सुमारे १२,००० चं. कॉलिन बेल सिटीत जाऊन थोर झाला तो आधी इथे खेळला. गॅरी आणि फिल नेव्हिल या भावांच्या आईने इथे वर्षानुवर्षं क्लबचं सचिवपद सांभाळलं. क्लब माणसांच्या कामावर चालत होता. २००२ मध्ये तो दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेला तेव्हा चाहत्यांनीच डबे फिरवून पैसे जमवले आणि तो वाचवला. म्हणजे या लोकांना धोका काय असतो हे चांगलं माहीत होतं. ज्यांनी एकदा क्लब हाताने ओढून वर काढला, त्यांच्यादेखत तो पुन्हा खोलात गेला कसा?

सोमवार, २६ ऑगस्ट. बँकांना सुट्टी. ३० तासांच्या आत

त्याचं उत्तर २०१३ मध्ये सुरू होतं.

त्या वर्षी बेरी चौथ्या पातळीवर घसरला होता आणि पगाराला पैसे नव्हते. स्टुअर्ट डे या बांधकाम व्यावसायिकाने क्लब घेतला. त्यांच्याकडे स्वप्न होतं आणि ते स्वप्न खोटं नव्हतं: वरच्या पातळीवर जायचं, जमलं तर दुसऱ्या पातळीपर्यंत, म्हणजे चॅम्पियनशिपपर्यंत. मँचेस्टर सिटीने सोडलेलं कॅरिंग्टनचं सराव केंद्र बेरीला मिळालं. खेळाडू आले. २०१५ मध्ये बढतीही मिळाली. डे यांनी क्लब वाचवला, हे म्हणणं तेव्हा चुकीचं नव्हतं आणि आजही मी ते खोडणार नाही.

मग उन्हाळ्यामागून उन्हाळे खेळाडूंची खरेदी चालू राहिली. तिसऱ्या पातळीवर खेळाडू बहुतेक वेळा फुकटात मिळतो, कारण त्याचा जुना करार संपलेला असतो. खरा खर्च असतो त्याच्या पगाराचा. त्यामुळे ट्रान्सफरच्या यादीत शून्य दिसतं आणि चाहत्याला वाटतं, स्वस्तात काम झालं. लिऑन क्लार्क आला. २०१७ च्या उन्हाळ्यात ख्रिस मॅग्वायर आला, आणि जर्मेन बेकफर्ड आला. २०१० मध्ये लीड्सकडून ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला कपाबाहेर काढणारा गोल ज्याने केला तोच हा बेकफर्ड. अशा नावाचा माणूस आपल्या गावच्या क्लबचा शर्ट हातात धरून फोटोत उभा राहिला की कुणाची छाती फुगणार नाही? त्या हंगामाच्या शेवटी बेरी लीग वनच्या तक्त्यात तळाला होता. पुन्हा चौथी पातळी.

इथे मला त्या वादाकडे यायचं आहे, जो प्रत्येक क्लबच्या चाहत्यांत दर उन्हाळ्यात पेटतो. मालकाने या वर्षी किती ओतले? शेजारचा क्लब एवढे घालतोय, आपला हात आखडता का? एक तट म्हणतो, पैसा घातला नाही तर तो मालक काय कामाचा. दुसरा तट विचारतो, हा पैसा येतोय कुठून? पहिल्या तटाची गर्दी नेहमी मोठी असते, कारण त्याच्याकडे गोल आहेत, बढतीची आशा आहे. दुसऱ्याकडे असतात ताळेबंद, आणि ताळेबंद विचारणारा माणूस त्या आनंदात खडा टाकणारा वाटतो. त्याला अपशकुनी ठरवणं सोपं असतं. घर गहाण ठेवून लग्नाचा थाट करणाऱ्याला मांडवात कुणी हिशोब विचारत नाही, तसं हे आहे.

बेरीच्या बाबतीत गहाण खरोखर होतं. गिग लेन मैदानावर सुमारे ३७ लाख पौंडांचं कर्ज चढलं. मैदानाच्या आवारातल्या गाड्या लावायच्या जागा बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकायला काढल्या गेल्या, एकेक जवळपास १०,००० पौंडांना, परताव्याचं आश्वासन देऊन. हे जरा थांबून वाचावं. जिथे शनिवारी दुपारी चाहता आपली गाडी उभी करतो, त्या डांबरावर आखलेल्या पांढऱ्या चौकोनाचा तुकडा कुणा अनोळखी माणसाला विकलेला. बेकफर्डच्या फोटोबद्दल सगळं गाव बोललं, पण त्या चौकोनांबद्दल बोलणारे किती होते?

डे यांच्या बांधकाम कंपन्या पुढे कोलमडल्या. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, त्यांनी क्लब स्टीव्ह डेल यांना विकला. किंमत एक पौंड. देणी मात्र सोबत आली.

आणि मग या सगळ्या प्रकारातली सर्वांत विलक्षण गोष्ट घडली. पगार थकलेले असताना प्रशिक्षक रायन लोव यांचा संघ जिंकत राहिला. ३० एप्रिल २०१९ रोजी ट्रॅनमिअरमध्ये १-१ अशी बरोबरी साधून त्यांनी बढती पक्की केली. खात्यात पगार नाही, घरभाडं थकलेलं, आणि माणसं मैदानावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत. जूनमध्ये लोव प्लिमथला गेले आणि बरेच खेळाडूही पांगले. जुलैत घेणेकऱ्यांशी तडजोड मंजूर झाली: खेळाडू आणि फुटबॉलमधली देणी पूर्ण, आणि ज्यांच्याकडे तारण नव्हतं अशा बाकीच्यांना पौंडामागे २५ पेन्स. त्याची शिक्षा म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच १२ गुण वजा. ही तडजोड पुरी करायलाही पैसा लागणार होता. तो कुठे आहे, हे लीग विचारत होती.

मंगळवार, २७ ऑगस्ट, सकाळ. उरले आठ तास

शनिवारी डॉनकास्टरविरुद्ध घरच्या मैदानावर सामना ठरलेला होता. क्लब विकला गेला तर तो खेळावा लागणार, आणि मैदान कित्येक महिने कुणी नीट झाडलेलंही नव्हतं. क्लबमधल्या कर्मचाऱ्यांनी हाक दिली: वेळ असेल त्यांनी मदतीला या.

लोक आले, मोठ्या संख्येने आले. झाडू, बादल्या, फडकी, रंगाचे डबे घेऊन. पेन्शनीतले आजोबा आले, शाळेला सुट्टी असलेली मुलं आली, पगार न मिळालेले कर्मचारी आले. दुसऱ्या क्लबांचे चाहतेही आले, ज्यांच्याशी एरवी दुष्मनी असते त्यांचेही. खुर्च्या एकेक करून पुसल्या. पायऱ्यांच्या फटीत माजलेलं गवत उपटलं. कर्मचाऱ्यांना महिनोन्महिने पगार नव्हता, आता त्यांच्या शेजारी बिनपगारी गाव उभं होतं.

मालकीच्या वादात मला या सकाळइतका ठोस पुरावा दुसरा माहीत नाही. क्लबची देखभाल म्हणजे काय, तर ही. डे यांनी साडेपाच वर्षांत आणलेल्या खेळाडूंपैकी त्या दिवशी किती जण मैदानात होते याची यादी कुणी करू नये, तो त्यांच्यावर अन्याय होईल, त्यांना पोट होतं. पण ज्यांच्या नावावर क्लबचा एक शेअरही नव्हता त्यांनी खुर्च्या पुसल्या, हे नोंदवून ठेवायला हवं.

मंगळवार, दुपारी १. उरले चार तास

वकील कागद चाळत होते. खासदार जेम्स फ्रिथ आणि ग्रेटर मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅम लीगकडे अजून थोडा अवधी द्या म्हणून विनवत होते.

लीगची बाजू समजून घ्यायला हवी, पण तिची चूकही सांगायला हवी. लीग वनमध्ये नियम होता की क्लबने उत्पन्नाच्या ६० टक्क्यांपर्यंतच खेळाडूंच्या पगारावर खर्च करावा. ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण मालकाने खिशातून घातलेली रोख हीसुद्धा त्या हिशोबात जमेची बाजू धरली जाई, आणि तिला ६० टक्क्यांची अट नव्हती. म्हणजे मालक जेवढे ओतेल तेवढ्यावर पगार चढवता येत. तो ओतत होता तोवर सगळं नियमात. त्याने हात काढला त्या दिवशी पगारांचे करार मागे उरले आणि उत्पन्न होतं तिथेच. करार दोन-तीन वर्षांचे असतात, मालकाची खुशी तेवढी टिकेलच असं नाही.

दुसरी फट याहून मोठी. डिसेंबर २०१८ मध्ये डेल यांनी क्लब घेतला तेव्हा, पैशाचा पुरावा आधी दाखवा आणि मगच क्लब हातात घ्या, असं बंधन नियमांत नव्हतं. आधी ताबा, पुरावा नंतर. डेल यांनी क्लब घेतला. पुरावा शेवटपर्यंत लीगचं समाधान करेल असा आला नाही. घरभाड्याने खोली देताना आपण यापेक्षा जास्त चौकशी करतो. १३३ वर्षांच्या संस्थेच्या बाबतीत ती झाली नव्हती. लीगने पुढे वकील जोनाथन टेलर यांच्याकडून या प्रकरणाचा आढावा घेतला आणि २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. क्लब स्वतःच्या कमाईवर नव्हे, मालकाच्या पैशावर जगत होता आणि तो पैसा थांबला, हे त्याचं सार. झाडू घेऊन आलेल्या कुठल्याही आजोबांनी हेच सांगितलं असतं.

मंगळवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास. उरला दीड तास

सी अँड एन स्पोर्टिंग रिस्कने माघार घेतली.

कंपनीने सांगितलं की, चौकशीत जे समोर आलं ते पाहता पुढे जाता येत नाही. अनेक वर्षांचे आर्थिक घोटाळे... हा शब्द त्यांचा नाही आणि मीही तो वापरणार नाही. अनेक वर्षांचा आर्थिक गुंता, एवढंच म्हणतो. आतले कागद बाहेरून वाटले होते त्यापेक्षा वाईट होते.

मैदानावर तेव्हाही माणसं काम करत होती. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर बातमी गेली. काहींनी झाडू टेकवला, काहींनी हातातली ओळ पुरी केली.

चाहत्याने सहा वर्षांपूर्वी विचारावे असे प्रश्न विकत घेणाऱ्याने शेवटच्या तीन दिवसांत विचारले आणि उत्तरं ऐकून तो उठून गेला. मैदान कुणाकडे गहाण आहे? व्याज किती? कर किती थकलाय? पार्किंग कुणाचं? उद्या मालक गेला तर पगार कोण देणार? हे प्रश्न गुप्त नव्हते. इंग्लंडमध्ये कंपनीची वार्षिक खाती आणि मालमत्तेवरचे बोजे सरकारी नोंदीत असतात आणि कुणालाही पाहता येतात.

मंगळवार, संध्याकाळी ५. मुदत

पाच वाजले.

लीगचं मंडळ बैठकीला बसलं. उशिरा आलेल्या इच्छुकांची चर्चा झाली, डेल अजूनही मार्ग निघेल म्हणत होते. गिग लेनच्या फाटकाबाहेर गर्दी वाढत गेली. कॅमेरे होते, गळ्यात पांढरे-निळे मफलर होते, ऑगस्ट असूनही.

शेजारच्या बोल्टन वॉन्डरर्सचं नावही त्याच बैठकीत होतं. तोही बुडायला आलेला. मालकाच्या पैशावर वर गेलेला आणि मालक बदलल्यावर खाली आलेला. दोन्ही गावांमध्ये जेमतेम दहा किलोमीटर. एका संध्याकाळी इंग्लिश लीग आपल्या दोन जुन्या क्लबांच्या गळ्यावरून हात फिरवत होती; बोल्टन तर १८८८ मधल्या पहिल्या बारा क्लबांतला.

मंगळवार, रात्री ११ च्या सुमारास

निर्णय आला. बेरी एफसीचं सदस्यत्व रद्द.

लीगच्या कार्यकारी अध्यक्ष डेबी जेव्हन्स यांनी जाहीर केलं की सगळे पर्याय संपले होते. १२५ वर्षांचं सदस्यत्व एका निवेदनाने संपलं. १९९२ मध्ये मेडस्टोन युनायटेड लीगबाहेर गेला, त्यानंतर असं कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं. लीग वनमध्ये त्या हंगामात २३ क्लब उरले. बोल्टनला १४ दिवस मिळाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना नवा मालक मिळून ते वाचले.

गिग लेनच्या बाहेर मोठी माणसं उघड्यावर रडली. ज्यांनी सकाळी खुर्च्या पुसल्या होत्या त्यांतले बरेच तिथेच होते.

त्यानंतर

आपल्याकडे हे घडत नाही असं कुणी समजू नये. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय विजेता होता, आणि २०१० मध्ये कंपनीने ठरवलं म्हणून तो क्लबच राहिला नाही. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. आणि बेरीला काढलं त्याच ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटीचा गाशा गुंडाळला गेला आणि आयएसएलमधली त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला सामने पाहणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे ते फार गाजलं नाही, कारण आपण क्लबला मालकाचीच वस्तू धरून चालतो.

बेरीच्या लोकांनी तसं धरलं नाही. डिसेंबर २०१९ पर्यंत त्यांनी बेरी एएफसी हा नवा क्लब काढला आणि २०२० मध्ये दुसऱ्यांच्या मैदानावर, अगदी खालच्या पातळीवर खेळायला सुरुवात केली. २०२२ मध्ये सरकारी निधीतून मिळालेल्या १० लाख पौंडांची आणि देणगीदारांची मदत घेऊन चाहत्यांच्या एका गटाने गिग लेन विकत घेतलं. मग दोन गटांत भांडण झालं. एकीकडे मैदान आणि जुनं नाव, दुसरीकडे चालता क्लब. त्या वर्षीच्या मतदानात एकत्र यायचा ठराव पडला. हे मला गोड करून सांगायचं नाही. आपल्या हाती आलेला क्लब कसा चालवायचा यावर चाहतेही चाहत्यांशी भांडतात, आणि ते भांडण मालकाच्या मर्जीपेक्षा बरं. मे २०२३ मध्ये दुसऱ्या मतदानात ठराव मंजूर झाला आणि बेरी एफसी हे नाव परत आलं. त्या उन्हाळ्यात गिग लेनवर पुन्हा सामना झाला.

आर्सेनल असो, युनायटेड असो की आपल्या आयएसएलमधला संघ असो, तुम्ही ज्या क्लबसाठी रात्री जागता त्याच्या मालकाने या वर्षी किती खर्च केला हे तुम्हाला तोंडपाठ असेल. त्याच्यासोबत एवढं जरूर पाहा: मैदान कुणाच्या नावावर आहे, कर्ज कुणाचं आहे, आणि मालकाने उद्या खिसा बंद केला तर क्लब किती महिने चालेल. हे विचारणाऱ्या माणसाला आपल्या गटात गप्प करू नका.

बेरीनंतर इंग्लंडमध्ये ट्रेसी क्राउच यांच्या समितीने २०२१ मध्ये चाहत्यांच्या बाजूने अहवाल दिला आणि जुलै २०२५ मध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याने पहिल्या पाच पातळ्यांवरच्या क्लबांवर स्वतंत्र नियामक आणला, क्लबला परवाना बंधनकारक ठरवला, आणि मैदान परस्पर विकायला मनाई केली. बेरी एफसीला २०२५ मध्ये बढती मिळाली आणि तो आठव्या पातळीवर पोहोचला. ऑगस्ट २०१९ मध्ये तो तिसऱ्या पातळीवर खेळणार होता.